दोन घड्याळांच्या बाई

बाईंच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असायचं आणि उजव्या मनगटावर दुसरं. दोन्ही चावीची, दोन्ही चालू, आणि दोन्हींत पस्तीस मिनिटांचा फरक. उजवं कायम मागं. एस.टी.त शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास सांगायचं, ‘अहो, हे मागं पडलंय.’ बाई पदर सारखा करत म्हणायच्या, ‘मागं नाही. ते इथलं आहे.’ आणि खिडकीबाहेर बघायला लागायच्या. समोरच्याला पटलं की नाही, याची त्यांना फिकीर नसे.

आम्हांला मात्र त्यांनी फिजिक्सच्या पहिल्याच तासाला समजावून सांगितलं होतं. देशभरातली घड्याळं अलाहाबादकडच्या सूर्यावर लावलेली आहेत. तोच सूर्य नाशिकच्या डोक्यावर यायला आणखी पस्तीस मिनिटं घेतो. म्हणून डावं घड्याळ सरकारचं आणि उजवं नाशिकचं. आमच्यातल्या एका मुलीनं लगेच त्याचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास उशिरा आली आणि म्हणाली, ‘बाई, नाशिकच्या वेळेनं मी वेळेवर आहे.’ बाई फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या, ‘नाशिकची वेळ आकाशासाठी. लेक्चरला रेडिओची. बाहेर उभी राहा.’

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं गेलेली मी पहिली. वडील सातपूरला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, आई निफाडकडची, द्राक्षांच्या बागांत राबलेली, लग्नानंतर शहरात आलेली. हे मी मुद्दाम लिहिते. कारण कॉलेजात ‘तुझे वडील काय करतात’ असं विचारणारे पुष्कळ भेटले, पण ते ऐकल्यावर ‘मग त्यांना एक दातेरी चाक कापता येईल का’ असं विचारणाऱ्या बाईच एकट्या. त्यांना ते चाक दुर्बिणीला हवं होतं. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतः घासून केला होता, नळी पत्र्याच्या दुकानातून वळवून आणली होती. रविवारी त्या आमच्या वस्तीत आल्या, आमच्या ओट्यावर चहा प्यायल्या आणि वडिलांना भाऊ म्हणत त्यांनी चाकाचं चित्र काढून दिलं. वडिलांनी ते दोनदा कापलं. पहिलं त्यांचं त्यांनाच पसंत पडलं नाही.

त्याच वर्षी कॉलेजला एक कॉम्प्युटर मिळाला. त्याला पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवरून चढवायचा. चढेपर्यंत तो टेपमधून किंचाळत राही. सगळ्यांना वाटलं, आता यावर मार्कांच्या याद्या निघतील. बाईंनी त्याच्या पाठीमागच्या खाचेत एक पट्टीसारखी वायर खोचली आणि तिचं दुसरं टोक भंगारातून आणलेल्या दोन मोटरींपर्यंत नेलं. आमचे विभागप्रमुख हबकलेच. मशीन जळेल, असं ते तीनदा म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘जळलं तर माझ्या पगारातून कापा. पण मशीननं नुसतं कागदावर लिहीत बसायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे मला जमणार नाही.’

मशीन जळलं नाही. मी आणि माझ्या वर्गातली शैला, आम्ही दोघींनी प्रोग्रॅम लिहिला. वेळ टाकायची, ग्रहाचं नाव टाकायचं, की कॉम्प्युटर हिशेब करून मोटरींना सांगायचा आणि दुर्बीण टकटक करत आपोआप त्या दिशेला वळायची. पहिल्यांदा वळली तेव्हा शैला रडली. मी नाही रडले. मी वडिलांनी कापलेल्या चाकाकडं बघत होते.

मग नियम आडवा आला. संध्याकाळी सहानंतर मुलींनी कॉलेजात थांबायचं नाही. आणि तारे तर सहानंतरच दिसतात. प्राचार्य वाईट नव्हते, पण शिस्तीचे भारी. त्यांनी तोडगा काढला, की दुर्बीण मुलांच्या बॅचकडं द्यावी, ती मुलं संध्याकाळी बघतील, आणि मुलींनी दिवसा टायपिंगचं काम करावं. आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हातात चालला होता. मुलांपैकी एक जण तर येऊन म्हणाला, ‘ताई, कॅसेटवर नाव लिहून ठेवा हं, आम्हांला सापडायला बरं.’

बाई प्राचार्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो. त्यांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, ‘सर, तारा दिवसा दाखवला तर?’

प्राचार्य हसले. दिवसा दाखवलात तर दुर्बीण तुमच्या मुलींची, म्हणाले.

लोक ज्याला शुक्राचा तारा म्हणतात, तो शुक्र दिवसाही आकाशात असतो. लख्ख उन्हातही असतो. फक्त एवढ्या निळ्या रंगात नेमका कुठं, ते डोळ्याला कळत नाही. कॉम्प्युटरला कळतं. सूर्य जवळपास असताना दुर्बिणीत डोकावणं म्हणजे डोळ्याशी खेळ, म्हणून बाईंचा दंडक होता, की नळीला झाकण लावून आधी सूर्यावर न्यायची आणि मागं पांढरा पुठ्ठा धरायचा. नळीची सावली अगदी गोल पडली, तर दुर्बीण बरोबर आहे. मगच शुक्र. ‘आधी सावली बघा, मग उजेड,’ असं त्या म्हणत.

ठरलेल्या दुपारी गच्चीवर सगळी जमली. सावली गोल आली. टीव्हीवर ऊन येऊ नये म्हणून छत्री बांधली होती. एवढ्यात आयपीसचा, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगांचा डबा खालीच राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून बाई आणि मी तो आणायला गेलो. वर आलो, शैलानं शुक्राचं नाव टाकलं, दुर्बीण वळली. मी डोळा लावला. निळं. नुसतं निळं. बाणाची बटणं दाबून इकडं तिकडं सरकवून पाहिलं. तेवढंच निळं.

मुलांत खुसफुस सुरू झाली. प्राचार्य समजूतदारपणे म्हणाले, ‘होतं असं, बाई. प्रयत्न चांगला होता.’

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ‘झाकण लाव,’ मला म्हणाल्या, ‘आणि परत सूर्य दे.’ मी पुठ्ठा धरला. आता सावली लांबट पडली होती. बाईंनी एकदा उजवं मनगट पाहिलं, मग टीव्हीचा पडदा. ‘वेळ कुणी बदलली?’

शैलानं प्राचार्यांकडं पाहिलं. उत्तर प्राचार्यांनी दिलं. ‘मीच सांगितलं तिला. अर्ध्या तासाच्या वर मागं पडली होती. म्हटलं, ऐनवेळी फजिती नको.’

‘मागं नव्हती, सर,’ बाई म्हणाल्या. ‘ती नाशिकची वेळ होती. तुम्ही दुर्बिणीला अलाहाबादेत उभं केलंत. ती बिचारी तिथून शोधतेय.’

त्यांनी शैलाला खुर्चीवरून उठवलं नाही. तिच्याकडूनच वेळ परत टाकून घेतली, स्वतःचं उजवं मनगट तिच्यासमोर धरून. सावली हळूहळू आकसली, गोल झाली. दुर्बीण पुन्हा टकटक करत वळली. या वेळी बाईंनी स्वतः डोळा लावला. बाई मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी इतकं शुद्ध बोलत, की कुणाला कळू नये. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून तिकडचंच निघालं, ‘आठे शे.’ इथं आहे.

निळ्यात एक इवलीशी पांढरी कोर होती, कुणी नखानं खरवडल्यासारखी. प्राचार्य खूप वेळ वाकून राहिले. मग विचारलं, ‘हा चंद्र तर नाही ना?’ बाईंनी बोट दाखवलं. चंद्र गच्चीच्या पलीकडं, पार वेगळ्या बाजूला, फिकट उभा होता.

गच्चीची किल्ली त्या दिवसापासून आमच्याकडं आली. प्राचार्यांनी शब्द पाळला, पण सहाचा नियम राहील, हेही बजावलं. ‘राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘आम्हांला सहापर्यंत पुरेसं आकाश आहे.’ त्या नियमाशी त्या पुढं निवृत्त होईपर्यंत भांडल्या, आणि तो गेला तेव्हा जुन्या विद्यार्थिनींना पेढे वाटले.

बाई गेल्या तेव्हा मी दवाखान्यात होते. नर्सनं त्यांची दोन्ही घड्याळं काढून भाच्याच्या हातात दिली. पोरगा भला आहे, पुण्याला असतो. त्यानं एक कानाला लावलं, दुसरं लावलं, आणि म्हणाला, ‘मावशीचं हे एक मागं पडलंय. लावून ठेवतो.’ त्यानं चावी ओढली होती.

मी त्याच्या हातातून घड्याळ घेतलं आणि चावी पुन्हा आत दाबली.

‘हात लावू नकोस,’ मी म्हटलं. ‘ते बरोबर चाललंय.’