थळची परकी नागीन

सरकारनं मला परदेशी ठरवलं आनि माझ्या सासूनं मला गायब ठरवलं. दोन्ही कामं एकाच सकाळी झाली.

त्याचं असं, की मी जन्मले कराचीला. बाबा मूळचे हिकडचेच, पन बंदरावर कामाला म्हनून तिकडं गेलेले, तिथंच मी झाले, तिथंच मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकले (तिसरी पुरी न्हाय केली, तिसरीच्या बाकावर बसून आले एवढंच). मंग देशाचे दोन देश झाले. बाकीची मानसं बोटीनं आली, बाबा नि मी मागं राहिलो, घराचं काय होतंय ते बघत, आनि शेवटी एका गलबतात बसून आलो निघून. परमिट लागतं हे बाबांना कोनी सांगितलंच न्हाय! पुढं माझं अलिबागजवळ थळला लगीन झालं, बाबा वारले, आम्हाला बाळू झाला, आनि मला वाटलं, झालं, आता आपन पक्क्या थळच्या.

कराचीला मी यमुना. लग्नात ताटात तांदूळ पसरून आमच्या ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, हिरा. तेव्हापासून यमुना म्हनून मला हाक मारली न्हाय कोनी.

त्या सकाळी हे होडीवर गेलेले. सासू, म्हंजे आये, अंगनात बोंबील वाळत घालत होती. शिपाई आला.

"यमुना कोण इथं?"

आयेनं आधी त्याची टोपी बघितली. टोपी बघितली की आयेचं डोकं फार जलद चालतं, पन कुटं चालतं ते तिलाच ठाऊक.

"यमुना? हितं न्हाय कोनी यमुना. गेली ती!"

"कुठं गेली?"

"मना काय ठाव! कवाच गेली!"

मी चुलीपाशी बाळूच्या तोंडावर पदर धरून बसलेली, घामानं भिजलेली. शिपायानं वहीत काय ते लिहिलं, दारात कागद टाकला नि गेला. आयेनं तो बोंबलाच्या ओल्या हातानं उचलला, त्यामुळं अर्धी शाई तिच्या बोटाला आली.

"वाच गो! शिकलेली ना तू?"

मी वाचायला लागले. छाती अशी धडधडत होती की अक्षरं उड्या मारत होती. "यमुना... परकी... परकीय... ना... नागी..."

"नागीन?" आये उसळलीच. "माझ्या सुनेला नागीन म्हनतो? आनि परकी?"

पुढचं मात्र मला नीट लागलं. कचेरीत हजर व्हा, न्हायतर देशाबाहेर पाठवू. मी मटकन खालीच बसले. कराचीत आता माझं कोनी न्हाय. आनि बाळू? बाळू जन्मला थळला. म्हंजे तो हितं आनि मी तिथं? अजून अंगावर पितोय तो!

"रडू नको गो," आये म्हनाली, "अलिबागला वकील कशाला ठेवलेत?"

गुप्ते वकील म्हंजे भला मानूस. आयेनं आधी नागिनीचंच गाऱ्हानं घातलं. त्यांनी कागद वास घेत घेत वाचला (बोंबील!) आनि म्हनाले, "अहो बाई, नागीण नाही, नागरिक! परकीय नागरिक. घाबरू नका. थळच्या माणसाची लग्नाची बायको आहे ही, अर्ज करता येतो. आधी वकीलपत्रावर सही करा."

"सही केल्यावर काय व्हतं?" आयेनं इचारलं.

"मग मी हिचा वकील. कचेरीत हिच्या वतीनं मी उभा राहीन, मी बोलेन, मी उत्तरं देईन."

आयेनं जरा इचार केला. "म्हंजे हिला कराचीला धाडायचं ठरलं, तर हिच्या वतीनं तुमीच जानार?"

वकीलसाहेबांना ठसका लागला. कारकून पानी आनायला गेला तो लवकर आलाच न्हाय, आतून त्याचं हसूच ऐकू येत होतं.

मला वेगळीच भीती. "साहेब, यात पोराचं काय लिहून देते का मी? पोर तुमच्या नावावर होत न्हाय ना?"

"मला माझीच चार आहेत, बाई! सही करा."

मंग मी सही केली. पुरी सही! ह्यांचं नाव मी तोंडानं घेत न्हाय, पन लिहायला कोनी मना केलेलं न्हाय, म्हनून तेही ठसठशीत लिहिलं. आये मान वर करून सगळ्यांना ऐकवते, "अंगठा न्हाय हां! माझी सून सही करते!" त्या कौतुकात वकीलसाहेबही हरवले, मीही हरवले, आनि मी झोकात 'हिरा' लिहिलंय हे कोनाच्या ध्यानातच आलं न्हाय!

तारखेच्या दिवशी वाटेत आयेनं मला पढवलं. "हे बघ, त्यांना पायजेल यमुना. तू हायस हिरा. कोनी यमुना म्हनून हाक मारली तर वळून बघायचं न्हाय!"

मी इतकी भ्यालेली, की ते मी मनाशी घट्ट धरलं. कचेरीच्या बाकावर बाळूला मांडीवर घेऊन जपच करत होते, मी हिरा, मी हिरा, मी हिरा. इतक्यात चपराशी ओरडला, "यमुना हाजीर हो!"

कोनी उठलं न्हाय.

"यमुना हाजीर हो!"

मी मनात म्हटलं, काय ही बाई! सरकार बोलावतंय आनि हिचा पत्ता न्हाय! आयेही चुकचुकली. वकीलसाहेब लांबून हात हलवत होते, उठा उठा म्हनून. मला वाटलं माश्या वारतायत. (आमच्या टोपलीत सुकट होती, कचेरीतल्या साहेबांना द्यायला आनलेली, त्यामुळं माश्या होत्याच!)

शेवटी चपराश्यानं आम्हाला उठवूनच आत नेलं. साहेब चष्म्यातून बघत म्हनाले, "वकीलसाहेब, नोटीस यमुनाला, वकीलपत्र हिराचं. तुम्ही नक्की कुणाचे वकील?"

वकीलसाहेबांनी कागद बघितला, मला बघितलं, परत कागद बघितला. आनि ज्यांना मी बोलायला नेमलं होतं, त्यांची वाचाच बसली!

साहेब पुढं वाचायला लागले. "शिपायाचा जबाब आहे. यमुना गाव सोडून गेली, असं घरच्यांनीच सांगितलं. म्हणजे बाई फरार आहे."

फरार! मी बाळूला इतकं घट्ट धरलं की त्यानं भोंगा पसरला.

आनि आये उठली. डोईवरचा पदर कमरेला खोचला. थळला ती अशी उठली की शेजारनी आपापली दारं लावून घेतात.

"फरार न्हाय सायब! ती यमुना मीच घालवली!"

साहेबांच्या हातातला टाक खाली आला. "घालवली म्हणजे?"

"म्हंजे ताटात तांदूळ पसरले, माझ्या लेकानं अंगठीनं लिवलं हिरा, झाली हिरा! आमच्याकडं सून आली की म्हायेरचं नाव उंबऱ्याच्या भाईर. तुमच्याकडं न्हाय काय? तुमच्या बायकोचं नाव बदललं न्हाय तुमी?"

साहेब जरा लाजले. "बदललं..."

"मंग ती म्हायेरच्या नावाची कुटं हाय? फरार?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला, पन मिशी हलत होती. तेवढ्यात वकीलसाहेबांना वाचा फुटली. "साहेब, माझं हेच म्हणणं आहे!" (आत्तापर्यंत त्यांचं काहीच म्हननं न्हवतं!)

मंग नवं वकीलपत्र आलं. यमुना ऊर्फ हिरा. मी सही करायला वाकले. यमुना लिहायचं म्हटल्यावर हात थांबला माझा. बाबांनी गिरवून घेतलेलं नाव ते. डोळ्यांत पानी आलं, नि माझं लक्ष न्हाय बघून बाळूनं दौतीत हात घातला आनि कागदावर पंजाच मारला!

"अरेरे!" वकीलसाहेब ओरडले.

"ऱ्हाऊ द्या," आये म्हनाली. "पोरानं पन वकील दिला. काढायचं तर आता दोघांना काढा सायब!"

साहेब तेव्हा मोठ्यानं हसले. मंग माझ्याकडं वळून मायेनं इचारलं, "वकील बोलले, सासूबाई बोलल्या. आता तू सांग. कुठली तू?"

एवढं पढवलेलं, सगळं इसरले. "थळची," एवढंच आलं तोंडातून. पन ते चपराश्यालाही ऐकू गेलं म्हने!

पुढं वकीलसाहेबांनी अर्ज केले, ह्यांचा जबाब झाला, पाटलांची साक्ष झाली, आनि पावसाळा सरता सरता तोच शिपाई दारात आला.

"यमुना ऊर्फ हिरा कोण इथं?"

"दोघी बी हायत घरात!" आये आतून ओरडली. "या, च्या घ्या!"

सगळी आळी गोळा झाली. मी अंगनात उभी राहून, त्यानं दिलेल्या कागदावर बोट ठेवून ठेवून, एकही अक्षर न चुकता वाचलं, "भा-र-ती-य ना-ग-रि-क." आये छाती फुगवून सगळ्यांना म्हनते, "ऐकलं गो? माझी सून आता भारतीय नागीन झाली!"

मी काय दुरुस्त केलं न्हाय. नागीन तर नागीन! पन खरं सांगायचं तर कचेरीत फना काढला तो आयेनं. मी आपली मागं बसलेली नुसती शेपूट, आनि तीही थरथरनारी!