काटे निवडून दिलेलं ताट

कल्याण स्टेशनावर मला पोचवायला भाऊ एकटेच आले होते. भाऊ म्हणजे आमचे वडील, मामलेदार कचेरीतले जुने कारकून. आईने स्टेशनावर येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरच्या बायका तेव्हा आगगाडी बघायलासुद्धा पारनाक्याच्या पुढे जात नसत. तिने मागच्या दारीच माझ्या हातात शिदोरी दिली. तांदळाच्या भाकऱ्या, वाळवलेल्या कोळंबीची म्हणजे सोड्यांची चटणी, आणि केळीच्या पानात बांधलेला दहीभात. "इंदूर येईपर्यंत पुरवून खा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. भाऊंनी फलाटावर मला दोन उपदेश केले. एक, अक्षर बिघडू देऊ नकोस. दुसरा, परमुलखात कोणाची थट्टा करू नकोस. मग त्यांनी पगडी सारखी केली आणि गाडी हलण्याआधीच पाठ फिरवली.

टिटवाळा मागे पडलं तेव्हा मी शिदोरी सोडली. खडवलीच्या नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत अर्ध्या भाकऱ्या संपल्या, आणि कसाऱ्याचा घाट सुरू व्हायच्या आत केळीचं पानसुद्धा कोरडं झालं. भूक होती असं नाही. तोंड चालू असलं की रडू येत नाही, एवढंच कळलं होतं. समोर बसलेल्या शेटजींनी सोड्यांच्या वासाने नाकाला उपरणं लावलं, तरी माझा हात थांबेना. पुढचा सगळा प्रवास चणे-कुरमुऱ्यांवर काढला. खांडव्याला छोट्या गाडीत बसताना वाटलं, आईने इंदूरपर्यंतचं घर बांधून दिलं होतं आणि आपण ते घाटाखालीच खाऊन बसलो. वीस-बावीस वर्षांचा, मिशा फुटलेला माणूस मी. स्वतःची लाज वाटायला तिथूनच सुरुवात झाली.

कल्याणात राहिलेल्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या पोटापाठी उत्तरेला गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. राहिलेल्यांना वाटतं, गेलेले मजेत आहेत. गेलेल्यांना वाटतं, आपण परत गेलो की सगळं होतं तसं असेल. दोन्ही समजुती मी मोडून बसलो आहे.

इंदूरला होळकरांच्या दफ्तरात मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची जागा मिळाली होती. माणसं चांगली. शेजारचे पंडितजी मला "भैया" म्हणत आणि सणावाराला दाल-बाटीचं ताट पाठवत. तूप इतकं की बोटांना दिवसभर वास राहावा. पण भात? तिकडे भात म्हणजे आजाऱ्याचं अन्न. पहिल्या महिन्यात मी रोज भात शिजवतो हे पाहून पंडितजींनी मला वैद्याकडे नेलं होतं. हळूहळू मीही गव्हाचा झालो. चपाती, दाल, एखादा साग म्हणजे पालेभाजी, वर लोणचं. नर्मदेकडचे मासे कधीमधी बाजारात यायचे, त्यांना चिखलाचा वास. एकदा आणले, पुन्हा हात लावला नाही.

मग मी काय केलं, तर बोलत सुटलो. ज्याला खायला मिळत नाही तो बोलून खातो. दफ्तरात, ओसरीवर, जो सापडेल त्याला मी आमच्या खाडीच्या पाला माशाविषयी सांगायचो. आषाढात खाडीला गढूळ पाणी चढतं, त्याबरोबर हा चंदेरी मासा समुद्रातून वर येतो. गोडीला त्याच्यासारखा दुसरा नाही आणि काट्यांनाही नाही. अंगभर केसासारखे बारीक काटे. त्यामुळे पाला खाणं ही विद्या आहे. घास एका गालात घ्यायचा, जिभेने मांस सोडवायचं, भात गिळायचा आणि काटे ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, हे सगळं गप्पा न थांबवता. आमच्याकडे पाच वर्षांचं पोर हे करतं, असं मी छाती काढून सांगायचो.

हे सगळ्यांत जास्त ऐकलं ते आमच्या कुटुंबाने. ती देवासची. तिचे आजोबा कोकण सोडून माळव्यात गेले ते तिकडलेच झाले. जात आमचीच, मासे चालणारी, पण तिने खाडी सोडा, होडीसुद्धा पाहिली नव्हती. लग्न देवासलाच झालं. आई-भाऊ आले, त्यासाठी आई पहिल्यांदाच आगगाडीत बसली; लग्न लावून ते परतले, आणि मी तिला घेऊन थेट इंदूरला आलो, कारण रजा संपली होती. जेवताना तिने वाढलेल्या दालीकडे बघत मी पाल्याची गोष्ट काढायचो. ती म्हणायची, "अच्छा. मग मला जमेल का हो खायला?" मी म्हणायचो, "तुला? जन्मात नाही. त्याला खाडीचं पाणी अंगात असावं लागतं."

हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.

अखेर एका आषाढात हुजुरांची मर्जी झाली आणि लांबची रजा मिळाली. आमच्या कुटुंबाने कल्याणला सासरचं माप ओलांडलं, लग्नाला बरीच वर्षं झाल्यानंतर. आई थोडी वाकली होती. भाऊ कचेरीतून निवृत्त झाले होते. मला पाहून आईने पहिली गोष्ट विचारली ती प्रकृतीची नव्हे. "पाला आलाय बाजारात," ती म्हणाली, "उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊ पाटावर बसलो. बायका मागाहून बसणार, रीतीप्रमाणे. पुढ्यात वाफाळता भात, पाल्याचं आंबट-तिखट कालवण, आणि मधली जाड तुकडी. इंदूरला बसून मी इतकी वर्षं याच ताटावर जीव टांगून ठेवला होता. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते खरं. दुसरा घेतला. मग भाऊंनी दफ्तरातल्या कामाचं काही विचारलं, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काटा घशात आडवा बसला.

कल्याणात जन्मलेल्या, खाडीकाठी वाढलेल्या माणसाच्या घशात पाल्याचा काटा. आईने धावत कोरड्या भाताचा गोळा वळून दिला, तो न चावता गिळायचा असतो. एका गोळ्याने काम झालं नाही. दुसऱ्या गोळ्याने काटा उतरला. मी ठसकत होतो, नाकातून पाणी येत होतं. स्वयंपाकघराच्या दारात आमचं कुटुंब पदर तोंडाशी धरून उभं होतं. ती हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.

भाऊ रागावले नाहीत. ते हळूच आईला म्हणाले, "त्याला वरण वाढ."

तुम्हा कल्याणकरांना वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. आमच्या घरांतून पोर लहान असेपर्यंत आई त्याच्या ताटातले काटे निवडून देते. एक दिवस पोर अख्खी तुकडी आपली आपण खातं, आणि त्या दिवसानंतर त्याच्या ताटात आई हात घालत नाही. त्याची पूजा नाही, मुहूर्त नाही, पण मुंजीइतकाच तो दिवस पक्का. आईने त्या दुपारी वरण आणलं नाही. ती माझ्यासमोर बसली, माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि तुकडी फोडून काटे निवडू लागली. नजर कमी झाली होती, म्हणून ती बोटांनी चाचपत होती. निवडलेलं मांस तिने भातावर ठेवलं आणि ताट परत माझ्याकडे सरकवलं. "खा सावकाश," म्हणाली.

मी खाल्लं. इतकं गोड कधी लागलं नव्हतं. सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटली. सरकारी कागदावर सही करणारा माणूस आईने निवडून दिलेला मासा खाली मान घालून खात होता आणि त्याला तो संपू नये असं वाटत होतं.

मग बायकांची पंगत बसली. मी ओसरीवर सुपारी कातरत बसलो, कान आत. आमचं कुटुंब आधी एकदा ठसकलं. आईचा आवाज आला, "घाई कसली? मासा काही आता पळून जात नाही. आधी बोटाने शेपटाकडून सोडव. हां. आता थोडंसंच तोंडात." मग दोघी हसल्या. आई मोकळेपणाने हसते तेव्हा तिला खोकला येतो, तो मी कित्येक वर्षांनी ऐकला.

त्यानंतर रोजचंच झालं. माझ्या ताटात निवडलेला मासा यायचा, न मागता. भाऊ आपली तुकडी खात, मी माझी. शेजारचे लोक भेटायला येत. मी कल्याणची चौकशी करायचो, कोणाचं लग्न झालं, कोण वारलं, आणि ते मला पाहुण्याला सांगावं तसं सांगायचे, सविस्तर, नावानिशी, जणू मला ती माणसं माहीतच नव्हती. शेणाळ्याच्या तळ्यावर फिरायला निघालो तर एकाने रस्ता दाखवायला येऊ का म्हणून विचारलं. चांगुलपणाने विचारलं, म्हणूनच ते लागलं.

आणि इकडे आमचं कुटुंब मागच्या दारी टोपलीवाल्या कोळणीशी घासाघीस करू लागलं होतं. कल्ले उचलून बघायचे, बोटाने पोट दाबायचं, भाव अर्ध्यावर सांगायचा. ही कोळीण मला लहानपणापासून ओळखणारी. एका सकाळी मी दारात गेलो तर ती टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "काय रं, तुजी बायको इंदूरची ना? मना वाटलं ती हितलीच हाय, न् तूच पावना." आई हसली, कुटुंब हसलं, मीही हसलो. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

निघायच्या दिवशी मी आईला म्हटलं, "आज मला निवडू नकोस."

"कशाला उगाच," ती म्हणाली, "गाडीत घसा धरेल."

"नको म्हटलं ना."

जरा जोरात बोललो मी. तिने अख्खी तुकडी वाढली. वाढून ती आत गेली नाही, खांबापाशी उभी राहिली. मी खायला लागलो. गप्पा नाहीत, कालवणाची चव नाही, सगळं लक्ष जिभेवर. एकेक काटा शोधून बाहेर काढत होतो. भाऊंचं जेवण संपलं, पण पंगतीतून एकट्याने उठायचं नाही म्हणून ते खरकटा हात वर धरून बसून राहिले. त्यांचा हात वाळला. माझा भात गार झाला. शेवटचा घास गिळून मी वर पाहिलं, तर आईच्या मुठीत कोरड्या भाताचा गोळा वळून तयार होता. मला दिसल्यावर तिने तो पदराआड नेला.

मी तुकडी संपवली होती. काटा लागला नव्हता. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. आईच्या हाताचं जेवून उठलो आणि आईला मी घाम फोडला, एवढंच पदरात पडलं.

बैलगाडी दाराशी आली. मी भाऊंच्या पाया पडलो, आईच्या पाया पडलो. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, प्रकृतीला जपायला सांगितलं, तिकडचं तूप चांगलं असतं ते भरपूर खात जा म्हणाली. मग ती आमच्या कुटुंबाकडे वळली. तिला कुंकू लावलं, ओटी भरली. तिच्या हनुवटीला हात लावून ती म्हणाली,

"सूनबाई, आता इतकी वर्षं लावू नकोस. घरी लवकर ये." आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी सहज, "येताना यालाही घेऊन ये."

कुटुंब म्हणालं, "हो, आणते."

दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊंनाही नाही. मी गाडीत चढलो, ती माझ्या मागून चढली आणि मला म्हणाली, "जरा सरकता का?" मी सरकलो. कल्याणला माझं घर आहे का, असं तुम्ही विचाराल, तर आहे. आमच्या कुटुंबाचं सासर आहे तिथे. तिने नेलं की मी जातो.