भोपळ्याला पहिली सुरी

सणाच्या दिवशी तुमच्या घरी कोण रांधतं, ते मला माहीत आहे. पण मधोमध मांडलेला मोठा पदार्थ कापायची वेळ आली की सुरी कुणाच्या हातात असते?

गेल्या नाताळापर्यंत हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि प्रश्न विचारणं हेच तर आमच्या घराण्याचं काम. बाबा बँकेत होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. बदल्यांच्या ट्रकमध्ये आमचं फर्निचर कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त असत. जयपूरच्या शाळेत हिंदी शिकता शिकता मी मराठी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी पेनाकडे जातो. आईबाबा पुढच्या बदलीला नाशिकला गेले, मी नोकरीसाठी जयपुरातच राहिले.

दुर्गापुऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी मैत्रीण भाड्याने राहतो. ती नगरकडची, ख्रिस्ती. सीतापुऱ्यातल्या कपड्यांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. खाली घरमालकीण राहतात, आम्ही त्यांना आंटीजी म्हणतो. त्यांची एकच अट होती: घरात मांस आणि अंडं येणार नाही.

मैत्रिणीचे पपा लष्कराच्या मेसमध्ये आचारी होते. साहेबांसाठी ते टर्की भाजत. घरी नाताळला अख्खी कोंबडी भाजत आणि तिला टर्कीची धाकटी बहीण म्हणत. प्रार्थना झाली की मेसच्या शिस्तीत उभं राहून ते ती कापत आणि मगच सगळे बसत. त्या नाताळाआधीच्या उन्हाळ्यात ते गेले. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, फोनवर सांगितलं की या वर्षी नाताळ नको, लेकीकडे येईन, वरणभात खाईन आणि परत जाईन. मैत्रिणीला तेच नको होतं. आईने नाताळच्या टेबलाशी बसावं, एवढीच तिची धडपड होती.

पण टेबलावर ठेवायचं काय? आम्ही फ्लॉवरचा गड्डा अख्खा भाजून बघितला, तो आत कच्चाच राहिला. पनीरच्या लादीला मसाला फासला, ती साबणाच्या वडीसारखी दिसली. शेवटी मी पत्रक लिहिलं, 'भाडेकरूच्या ताटात डोकावू नका', आणि कॉलनीच्या फलकावर लावायचं ठरवलं. मैत्रिणीने ते शेवटपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. "तू हे चिकटव, आणि नाताळला मी आईला घेऊन खोली शोधत फिरते."

मी कागदाची घडी केली. ती खाली गेली आणि आंटीजींना सरळ सांगून आली की आई येतेय, पपांशिवायचा पहिला सण आहे, टेबलावर अख्खं काहीतरी मांडायचं आहे आणि तुमचा नियमही मोडायचा नाही.

नाताळच्या सकाळी आंटीजी धापा टाकत जिना चढून आल्या. कडेवर लाल भोपळा. गच्चीवर गोवऱ्या पेटवते म्हणाल्या. बाट्या भाजतात तसा निखाऱ्यांत अख्खा भाजू, आत भात, काजू, मनुका भरू. भोपळा खाली ठेवला आणि त्या अडखळल्या.

"पर पहला चीरा कौन लगाएगा? घर में मर्द तो कोई है नहीं."

त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं की देवीपुढे बकऱ्याच्या जागी अख्खा भोपळा कापतात, म्हणून पहिला घाव पुरुषाचाच. यजमान गेल्यापासून सात वर्षं त्या भाजीवाल्याकडून कापलेली फोडच आणत होत्या.

माझ्या डोक्यात दोन पत्रकं एकदम तयार झाली. एक बायकांच्या बाजूने, दुसरं शाकाहारी घरात आलेल्या या बदली बकऱ्यावर. मैत्रिणीने माझ्या पायावर पाय ठेवून दोन्ही थांबवली.

काकू आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्या खाटेवरून उठल्या आणि पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली लांब सुरी काढली. पपांची, मेसमधली. रिकाम्या घरात गंजेल म्हणून बरोबर आणली होती.

"तीस वर्षं ही मी धुऊन-पुसून त्यांच्या हातात दिली," त्या म्हणाल्या. "आज द्यायला कुणी नाही."

त्यांनी देठाशेजारी टोक टेकवलं आणि दाबलं. साल कडक, भोपळा घरंगळायला लागला. आंटीजी खाली बसल्या आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"ज़ोर से, बहनजी."

साल करकरली आणि सुरी आत गेली. मग आंटीजींनी सुरी मागून घेतली आणि पुढचा काप स्वतः दिला.

संध्याकाळी भोपळा टेबलावर आला, बाहेरून काळा, आतून केशरी, धुराचा आणि लवंगेचा वास. काकूंनी उभं राहून तो कापला. पहिली फोड आंटीजींना दिली, ज्या तोवर कधी भाडेकरूंच्या घरी जेवल्या नव्हत्या. मग काकू बसल्या. जरा गोड झालाय, ते असते तर बोलले असते, असं म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मैत्रीण उगाचच पाणी आणायला आत गेली.

आंटीजींची अट मला आजही मान्य नाही. तसं मी त्यांना सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला. पण माझ्या एकाही पत्रकाने जे केलं नसतं ते त्या दोघींनी माझ्यासमोर केलं, आणि मला ते बघायला मिळालं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

म्हणून एक मागणं. या डिसेंबरात तुमच्या टेबलावर टर्की असो, कोंबडी असो की भोपळा, घरातली जी बाई आजवर सुरी पुसून दुसऱ्याच्या हातात देत आली, तिच्या हातात ती राहू द्या. तुम्ही खाली बसा आणि भोपळा धरा. तो घरंगळतो.