शेजारच्या लॉनवरचा सांगाडा

भूत नसतं असं तुम्ही मुलांना वर्षभर शिकवता, मग एकतीस ऑक्टोबरला त्याच मुलांच्या डोक्यावर पांढरी चादर घालून त्यांना दारोदार कोण पाठवतं?

हा प्रश्न मी दोन हजार पाच साली फ्रिस्कोमधल्या आमच्या रस्त्यावर छापून वाटला होता. इंग्रजीत, पाठपोट एक पान. त्या वर्षी हॅलोविन ऐन दिवाळीत आला होता. लग्न होऊन टेक्ससला आले त्याला वर्षही झालं नव्हतं, डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि हाताशी वेळ असला की पत्रक काढायचं हे आमच्या घरचं वळण होतं. नागपूरच्या आमच्या घरात कशाचंही निमित्त पुरायचं. ग्रहण आलं की पत्रक. कुणाच्या अंगात आलं की पत्रक. बाबा लिहायचे. आई प्रुफं तपासायची आणि "इतकी उद्गारचिन्हं कशाला? लोक काय बहिरे आहेत?" म्हणत निम्मी खोडून टाकायची. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवरच.

माझा नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला आणि स्वभावानं थंड. तो म्हणाला, "अगं, लहान मुलं चॉकलेटं मागायला येतात यार. त्यांच्या हातात तू जाहीरनामा काय देतेस?"

मराठी मंडळातल्या एका काकूंना पत्रक आवडलं, पण मुद्दा पटला नाही. "लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर दारात हाडं टांगतात हे लोक, ते अशुभ आहे असं लिही ना. हे विज्ञान कशाला मध्ये आणलंस?" काकूंशी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच चकल्या खात, चांगलं कडकडून भांडले.

अख्ख्या रस्त्यावरून दाद मिळाली ती एकच. समोरच्या घरातल्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या बाई केळ्याचा केक घेऊन आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वाचून फार बरं वाटलं. या रस्त्यावर सैतानाच्या विरोधात मी एकटीच उभी आहे असं वाटायचं मला." पुढचा आठवडाभर नवरा तो केक खात होता आणि हसत होता.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आई गेली.

आई-बाबांनी देहदान करायचं फार पूर्वी ठरवलं होतं. त्यामुळे त्याच दिवशी तिला मेडिकल कॉलेजच्या स्वाधीन करण्यात आलं. मी डॅलसहून नागपूरला पोचले तेव्हा घरात आईचा चष्मा होता, चपला होत्या, दोरीवर वाळत घातलेली साडी होती. आई नव्हती. दहावं नाही, तेरावं नाही, अस्थी नाहीत. हे सगळं मला मान्य होतं. आजही आहे. पण तिचा शेवटचा दिवस कसा गेला, ती काय बोलली, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते माहीत होतं एकट्या बाबांना. बाबा सांगत नव्हते. "झालं ते झालं," म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

सप्टेंबरमध्ये मी त्यांना सहा महिन्यांसाठी फ्रिस्कोला घेऊन आले. इथे तरी बोलतील असं वाटलं होतं. दिवसभर ते समोरच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मी आईचा विषय काढला की उठून भांडी घासायला लागायचे. डिशवॉशर असताना. एकदा मी फारच मागे लागले, तर स्वच्छ कपबशा काढून त्याही घासल्या.

ऑक्टोबर लागला आणि शेजारणीनं हॅलोविनची सजावट मांडली. ही शेजारीण माझ्याहून थोडी मोठी, एकटीच आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला वाढवणारी. मायलेकींनी लॉनवर थर्माकोलची थडगी रोवली, झुडपांवर कापसाची जाळी पसरली, आणि एका घडीच्या खुर्चीत माणसाएवढ्या उंचीचा प्लॅस्टिकचा सांगाडा बसवला. त्याचं तोंड नेमकं आमच्या खिडकीकडे. आत बाबा खुर्चीत, बाहेर तो खुर्चीत, दोघं समोरासमोर.

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाच्या बायकोला जाऊन चार महिने झाले, त्याच्यासमोर दिवसभर हाडं? मी तरातरा शेजारच्या लॉनवर गेले आणि तिला सांगितलं, की माझी आई नुकतीच गेली आहे, वडील दिवसभर त्या खिडकीत असतात, कृपा करून हे दुसरीकडे हलवा. ती लालबुंद झाली. मला जवळ घेतलं, दहा वेळा सॉरी म्हणाली आणि सांगाड्याला काखेत धरून उचलायलाच लागली. ते बघून तिच्या मुलीनं भोकाड पसरलं.

तेवढ्यात आमचं दार उघडलं. बाबा मफलर गुंडाळत, सपाता फटफटवत बाहेर आले.

"काय करून राहिल्या त्या बाई? त्याला कशाला उचलतात?"

"बाबा, मीच सांगितलं त्यांना. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"मला कसला त्रास? अगं, जन्मभर मी ह्याच्यासोबत नोकरी केली."

हे खरंच होतं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला असायचा आणि पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी त्याच्याशी हस्तांदोलन करावं लागायचं. मीही केलं होतं.

बाबांनी शेजारणीच्या हातातून सांगाडा घेतला, परत खुर्चीत बसवला, त्याची मान सरळ केली. जवळून निरखून मला मराठीत म्हणाले, "बरगड्या ठीक आहेत. मणक्यांत मात्र काटकसर केली. स्वस्तातला दिसतो." मग त्याचा हात हातात घेऊन रीतसर हलवला. मुलीचं रडणं थांबलं. तिनंही पुढे होऊन हात मिळवला.

बाबा तिच्याशी त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत बोलायला लागले. "माझी बायको पण आता हेच काम करते. डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवते."

"म्हणजे ती सांगाडा आहे?"

शेजारणीनं डोळे वटारले. बाबांनी शांतपणे विचार केला. "अजून नसेल. पण होईल."

"तिची भीती वाटते?"

"फार. मी बाजारातून कोथिंबीर विसरून आलो की."

आणि बाबा हसले. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. मला त्या बाईसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी बराच वेळ आमच्या गॅरेजच्या बंद दाराकडे बघत उभी राहिले.

एकतीस तारखेला संध्याकाळी मी बाहेरचा दिवा बंद करायला गेले. इथल्या रिवाजाप्रमाणे दिवा बंद असेल त्या घराचं दार मुलं वाजवत नाहीत. बाबांनी तो परत लावला. नवऱ्यानं गुपचूप आणून ठेवलेली गोळ्या-चॉकलेटांची पिशवी एका पातेल्यात ओतली आणि खुर्ची दारापाशी ओढली.

"जावईबापूंनी तुझं पत्रक दाखवलं मला. भाषा चांगली आहे. उद्गारचिन्हं फार झाली."

हे बाबा कधीच म्हणाले नसते. हा शेरा आईचा होता.

"आणि मुद्दा?" मी विचारलं.

"अर्धा बरोबर. भुताची भीती घालून जो लोकांना लुबाडतो, त्याच्याशी आपलं भांडण. इथे तर पोरं स्वतःच भूत होऊन गोळ्या मागून राहिली. गोळी दिली की भूत थँक यू म्हणतं. त्याच्याशी काय भांडतेस?"

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. पहिली घंटा वाजली. एक राजकन्या आणि एक टोमॅटो. बाबांनी दोघांशी हात मिळवला, गोळ्या दिल्या, दार लावलं. बसता बसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तिनं चहा घेतला नाही."

घंटा वाजली. समुद्री चाचे आले, गेले.

"म्हणाली, जीव घाबरा होतोय. मी म्हटलं, रिक्षा आणतो. तर म्हणते, आधी शर्ट बदला, हा बगलेत उसवलाय."

घंटा. चादरीतलं एक भूत, डोळ्यांची भोकं भलतीकडेच. त्यानं बाबांचा मफलर, लेंगा, कानटोपी नीट बघून विचारलं, "तुम्ही कोण झालात?"

"मी रिटायर्ड झालोय," बाबा म्हणाले. भुताला ते पटलं.

दार लागलं. बाबा पातेल्यातल्या गोळ्या उगीच वरखाली करत राहिले. "रिक्षात तुझा विषय निघाला. मी म्हटलं, पोरीला फोन करतो. तर म्हणाली, आत्ता नको, तिकडे रात्र असेल. झोपू द्या तिला."

यानंतर बराच वेळ कुणी आलं नाही. मग बाबा म्हणाले, "संध्याकाळी तिला मेडिकलला पोचवलं. चालत घरी आलो. हात रिकामे, बेटा. लोकांना निदान मडकं तरी असतं धरायला. मला वाटलं, असं बोललो तर आपल्याच विचाराशी बेइमानी होईल. म्हणून गप्प बसलो. तुझ्यापाशी तर कसं बोलणार? तू माझ्यापेक्षा कडक."

मी त्यांचे दोन्ही हात धरले. ते रडत होते, मीही. घंटा वाजली. त्यांनी मफलरनं डोळे पुसले, दार उघडलं, आणि गुडघ्याएवढ्या एका हिरव्या ड्रॅगनला वाकून म्हणाले, "गुड इव्हनिंग, सर."

आता दोन वर्षं होतील. आमचा विचार बदललेला नाही. बाबा देहदान करणार, मीही करणार. हॅलोविनच्या नावानं दुकानं जो प्लॅस्टिकचा कचरा विकतात त्याचा मला आजही संताप येतो, आणि त्यावर मी पुन्हा लिहीन. पण आमच्या घरातून आजवर इतकी पत्रकं निघाली, त्यांत रिकाम्या हातांबद्दल एक ओळही नव्हती.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यंदा बाहेरचा दिवा चालू ठेवा. तुमचे आई-वडील, सासू-सासरे इकडे आले असतील तर त्यांना त्या संध्याकाळी आतल्या खोलीत टीव्हीपुढे बसवून ठेवू नका. दारापाशी खुर्ची द्या, मांडीवर गोळ्यांचं पातेलं द्या, आणि तुम्ही शेजारी जमिनीवर बसा. घरातलं जे माणूस गेलं, त्याचा शेवटचा दिवस कसा होता ते विचारा. घाई करू नका. मध्येच घंटा वाजेल, तर त्यांना उठू द्या, भुतांशी हात मिळवू द्या. दार लावून ते परत येऊन बसले, की हळूच म्हणा, "मग?"