थांबासाहेब

रस्त्यानं चाललेल्या माणसाला सर मध्येच अडवत. "थांबा. हलू नका, असेच थांबा." ओळख असो वा नसो. मग चार पावलं मागं जाऊन, डोळे बारीक करून बघत राहत आणि समाधान झालं की "हं, जा आता," म्हणत. डहाणूच्या आमच्या वस्तीत त्यांना थांबासाहेब हे नाव पडलं ते यामुळं. माझी आई ओल्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन वाळवणाकडं निघाली होती, तिलाही त्यांनी असंच अडवलं. आई म्हणाली, "मी थांबेन ओ साहेब, पण मासळी थांबेल का?" सर खळखळून हसले. तसं हसताना मी त्यांना पुढं फार कमी वेळा पाहिलं.

गेल्या महिन्यात सर गेले. पेपरात फोटोखाली त्यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या सिनेमाचं कौतुक आलं आणि शेवटी एक ओळ, की ते यश त्यांना पुढं टिकवता आलं नाही. त्या पहिल्या सिनेमात मी होते.

सर तेव्हा तिशीतले. मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलीची गोष्ट घेऊन ते मुंबईहून आले होते आणि ती मुलगी त्यांना मिळत नव्हती. आमच्या दारात मी मासे साफ करत बसले होते. त्यांनी आईला विचारलं, तर आई म्हणाली, "हिला सोंगं नाय येत." "म्हणूनच विचारतोय," सर म्हणाले. शूटिंगमध्ये त्यांनी मला रड, हस, असं कधी सांगितलं नाही. "हाताला काम दे. चेहरा आपोआप वागतो," एवढंच म्हणायचे. मी जाळं सोडवायची, बोंबील एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायची आणि मध्येच संवाद बोलायची. मुंबईचे लोक म्हणाले, मोठी नटी मिळाली. नटीबिटी काही नव्हतं. सर समोर उभे असले की भीती वाटायची नाही, इतकंच.

सिनेमाला बक्षिसं मिळाली. दुसऱ्या सिनेमाची गोष्टही किनाऱ्यावरचीच होती आणि तिच्यात मीच असणार हे ठरलेलं होतं. मी कोसबाडला शिक्षिकेचं शिक्षण घेत होते, ते वर्ष मी त्यापायी सोडलं. एका संध्याकाळी सर न कळवता घरी आले. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. म्हणाले, "पोरी, निर्मात्यांना नाव असलेली हिरॉइन हवीय. मी हो म्हणालोय."

"तुम्ही नाही म्हणाला असता तर?" मी विचारलं.

"सिनेमाच झाला नसता. निदान ते तसं म्हणाले. मी घाबरलो."

माणसं अशा वेळी दुसऱ्यावर ढकलतात, निरोप धाडतात. सर स्वतः आले आणि घाबरलो हा शब्द त्यांनी स्वतःहून उच्चारला. पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. मी आत निघून गेले. आईनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. "जेवा आधी. पोरीचं आमी बघू," म्हणाली. सर खाली मान घालून जेवले.

तो सिनेमा मी डहाणूतच थेटरात पाहिला. हिरॉइन टोपलीला असं धरायची की जणू कुणाचं तान्हं पोर सांभाळायला घेतलंय. दुःखाच्या जागी लोक हसले. सिनेमा आठवड्यात उतरला.

त्यानंतर सरांचं काही धड झालं नाही. दोन विनोदी सिनेमे केले, त्यांतला एक बरा चालला. मग एक फार चांगला केला, तो कुणी पाहिला नाही. टीव्हीची मालिका मिळाली, तिथून मध्येच काढलं. मी शिक्षिका झाले, तलासरीजवळच्या शाळेत लागले, लग्न झालं, मुलं झाली. सर अधूनमधून फोन करत. एकदा म्हणाले, "चांगला सिनेमा होऊन जातो गं. वाईट मात्र आपल्यालाच करावा लागतो." मी हसले. ते हसले नाहीत.

बायको वारली, मुलगी बंगळूरला गेली आणि सर डहाणूजवळ मसोलीत एका चिकूच्या वाडीमागं दोन खोल्या घेऊन राहायला आले. बाप-लेकीचं फारसं बोलणं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

तिथं त्यांनी शेवटच्या सिनेमाची जुळवाजुळव केली. तलासरीच्या डोंगराकडच्या गावातली एक म्हातारी, मुलगा हायवेवरून बसनं गुजरातला कामाला गेलेला, आणि कापणीला आलेलं भात. "म्हातारी तू," ते म्हणाले. मी स्पष्ट विचारलं, "या वेळी बदलणार नाही ना?" ते म्हणाले, "या वेळी दुसरी कुणी यायला तयारच नाही." हे ऐकून राग यायला हवा होता, पण मला हसू आलं. दिवाळीच्या सुट्टीत मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. हाताला विळा दिलेला होता. सर पुन्हा पूर्वीसारखे झाले, शेताच्या बांधावरून पळायचे, गावच्या बायकांशी मोडक्यातोडक्या वारलीत बोलायचे. त्या बायका त्यांचं बोलणं ऐकून तोंडाला पदर लावायच्या.

निम्मं काम झालं आणि निर्मात्यानं फोन उचलणं बंद केलं. एक दिवस कॅमेऱ्याची गाडी परत गेली. शाळा सुटल्यावर मी तलासरीच्या स्टँडवर आले तर सर बाकावर बसलेले. गुजरातकडं जाणाऱ्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मी शेजारी बसले. ते म्हणाले, "पुढच्या वर्षीही भात असंच पिवळं होईल ना?"

"होईल की."

"मग करू."

पुढच्या वर्षी भात पिवळं झालं तेव्हा सरांची उजवी बाजू गेलेली होती. बोलणं समजायचं नाही. मी जायची, चिकू सोलून भरवायची, शाळेतल्या गमती सांगायची. ते माझ्या हातांकडं बघत राहायचे. त्यातच एका सकाळी ते गेले.

स्मशानात आम्ही थोडीच माणसं होतो. मुंबईहून दोघं आले, तेही परतीची गाडी गाठायची म्हणून घाईत होते. मुलगी विमानानं पोचली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी खोली आवरताना ती मला म्हणाली, "मावशी, मी बाबांचा एकही सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करू? पहिला पाहू?"

"दुसरा पाहा," मी म्हणाले.

"तो तर सगळ्यांत वाईट म्हणतात."

"वाईटच आहे. पण त्यात एक जागा आहे. आई मासळी विकायला गेलेली, आणि बाप लहान पोरीची वेणी घालतो. ती सारखी तिरकी होते, तो सोडतो, परत घालतो. त्या वेळी थेटरात कुणी हसलं नव्हतं. मी फार रागानं गेले होते तो सिनेमा बघायला. तेवढ्यापुरता राग राहिला नाही."

बंगळूरला परतल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला.

"आई सकाळी लवकर बँकेत निघायची, तेव्हा बाबाच माझी वेणी घालायचे," ती म्हणाली. "अशीच, एका कानावर आलेली. शाळेत मुली हसायच्या. एक दिवस मी ती त्यांच्यासमोर उपटून सोडली आणि ओरडले, की तुम्हाला काहीच नीट जमत नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"सिनेमा खरंच वाईट आहे, मावशी."

"हो गं."

"मी तीनदा पाहिला," ती म्हणाली, आणि बापासाठी पहिल्यांदा रडली.