खापरपणजोबा नेमकं करायचे तरी काय?

आमच्या घराण्यात साधा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, किस्सा मिळतो. गेल्या वर्षभरात असे किस्से इतके साचलेत की मूळ प्रश्न काय होता, तेच अधूनमधून आठवावं लागतं!

प्रश्न एवढाच होता : खापरपणजोबा काय काम करायचे? माझा चुलतभाऊ विलासदादा नुकताच रिटायर झालेला. त्यानं कारंज्यात सगळ्या घराण्याचं संमेलन ठरवलं. मंगरूळपीरचे काका कित्येक वर्षं आमच्याशी बोलत नव्हते, तेसुद्धा यायला तयार झाले. बॅनरवर मूळपुरुषाचा धंदा लिहायचा होता. तो चुकला तर काका आल्या पावली परत जातील, ही दादाची धास्ती. मी त्याची असिस्टंट!

*

आमची आत्या नव्वदीची, राहते रिठदला. दादानं तिला फोनवर विचारलं.

"आपले लोक सराई चालवत," ती म्हणाली, आणि रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज : 'आपले पूर्वज लग्नाचे काँट्रॅक्टर होते.'

मी हादरले. "दादा, हे कुठून काढलंस?"

"काहून? आत्याच म्हनली ना! सराई म्हंजे लग्नसराई!"

सराई म्हणजे वाटसरूंची मुक्कामाची जागा, हे त्याला समजावेपर्यंत पुण्याच्या पुतण्याचा रिप्लाय आलासुद्धा : 'तरीच मला डेकोरेशनची आवड आहे!'

*

जुन्या माणसांना विचारत फिरताना मंगरूळपीरला दर्ग्याजवळ एक म्हातारे चाचा भेटले. आडनाव सांगताच म्हणाले, "अब्बा सांगायचे, तुमचे बुढे भटियारे होते म्हणून."

दादाचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन कुजबुजला, "मंजू, भट्टी लावत होते म्हनते. दारूची! बॅनरवर कसं लिहू?"

चाचांनी ऐकलंच. "दारू नाही भाई! सराईत मुसाफिरांसाठी जेवण रांधतो, तो भटियारा. तुमच्याकडची डाळ खायला लोक मुद्दाम थांबायचे."

दादा गाडीत जाऊन बसला. मग म्हणाला, "डाळ बरी. डाळ लिहिता येते."

*

घरी आल्यावर त्यानं हे वहिनींना अभिमानानं सांगितलं. वहिनी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या बुढ्यानं साऱ्या मुलखाले जेवू घातलं, अन् तुमाले अजून गॅस पेटवता येत नाही!"

*

मग सराईची जागा शोधायला निघालो. ज्याला विचारावं तो वेगळीकडे हात दाखवायचा. शेवटी एका पानठेल्यावाल्यानं सरळ एका लॉजकडे पाठवलं. दादानं काउंटरवर खापरपणजोबांचं नाव सांगितलं, म्हणाला, "ते इथंच राहत होते काय?"

मॅनेजरनं कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ बघितलं.

"या नावानं बुकिंग नाही दिसून राह्यलं, काकाजी. आधार कार्ड आहे त्यांचं?"

*

तेवढ्यात काकांचा निरोप आला : 'आपण खाटा विणणारे. जुन्या घरात नुसत्या खाटाच खाटा होत्या.' आता आली पंचाईत! कोणालाच दुखवायचं नाही म्हणून दादानं बॅनरचा मजकूर जुळवला : 'मुक्काम, जेवण, खाटा. आपली परंपरा.'

प्रिंटिंगवाल्यानं तो वाचला आणि विचारलं, "ढाबा कुठी उघडून राह्यले? मोबाईल नंबर टाकायचा राह्यला ना!"

*

संमेलनाला काका आले. पहिल्या रांगेत बसले, पण नजर बॅनरवर. दादाकडे बघतसुद्धा नव्हते. दादानं घाईघाईनं आत्याला हार घातला आणि माईक दिला.

"आत्या, आपल्या बुढ्यानं सराई कशी बांधली, ते सांग साऱ्यायले."

"त्यानं कायले बांधली?" आत्या चिडलीच. "सराई तं एका बाईची होती. नवरा वारलेली. हा तथी मुक्कामाले आला होता. सकाळी निघतो म्हने."

दादा माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे. वहिनींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच थांबलेला.

अखेर काकाच उठून उभे राहिले. "मंग? निघाला नाही?"

आत्यानं भरल्या हॉलवरून नजर फिरवली.

"निघाला असता तं तुमी एवढे सारे कुठून आले असते रे?"