पहिल्या फेरीतलं उत्तर

डेल्फिना सिल्व्हेराने अठ्ठावीस वर्षं एका साप्ताहिकात नोकरी केली. ते साप्ताहिक बॅटऱ्यांबद्दल होतं. फक्त बॅटऱ्यांबद्दल. कुणाच्या लग्नात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस विचारायचा, "आपण काय करता?" आणि तिने सांगितलं की "अरे वा" म्हणून ताटलीत काही घ्यायच्या निमित्ताने जो सटकायचा, तो परत यायचा नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. बॅटरीतल्या सेलच्या आत काय चालतं हे तिला कळायचं आणि कारखान्यातल्या लोकांना माहीत असायचं की हिला कळतं. तेवढी ओळख तिला पुरत होती.

सहा वर्षांपूर्वी साप्ताहिक बंद पडलं. सॅन होजेतलं वडिलांचं घर तेवढं राहिलं, मागे एक लिंबाचं झाड. गल्लीतले जुने पोर्तुगीज शेजारी एकेक करून घरं विकून गेले आणि नवे शेजारी गाडीतून थेट गराजमध्ये शिरायचे, त्यांचे चेहरे तिला धड माहीत नव्हते. लिंबं पिकली की ती पिशवीत भरून फाटकाला अडकवायची. पिशवी रिकामी व्हायची, पण कोण नेतं ते तिने कधी पाहिलं नाही. फोन वाजायचा तो दाताच्या दवाखान्यातून नाहीतर लॉर्नाचा.

लॉर्ना पेट्राकिस साप्ताहिकात सतरा वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर होती. आता ती एकटीच एक बातमीपत्र चालवायची, तेही बॅटऱ्यांचंच. दर शनिवारी सकाळी दोघी अ‍ॅलम रॉक रस्त्यावरच्या पोर्तुगीज बेकरीत भेटायच्या, गोड पाव आणि कॉफी. आठवडाभरात डेल्फिना जे काही बोलायची, त्यातलं निम्मं त्या दोन तासांत बोलायची. मी हे वाढवून सांगत नाही.

पण एक गोष्ट तिने लॉर्नाला सांगितली नव्हती. "हल्ली काय करतेस?" या प्रश्नाला ती "माहितीपुस्तकं तपासते" असं उत्तर द्यायची. खरं म्हणजे ती खोटी पत्रकार झाली होती.

सॅन होजेच्या आमच्या या खोऱ्यात, जिथे गल्लोगल्ली कंपन्या आहेत, हा धंदा आहे. मोठ्या कंपनीचा मालक कुठे मुलाखतीला जाणार असेल, तर त्याआधी त्याची तालीम घेतात. त्यासाठी अवघड प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतं, आणि नोकरी गेलेले जाणकार पत्रकार इथे ढिगाने पडलेत. तालमीचा नियम साधा असतो. पहिल्या फेरीत मालकाने खरं बोलायचं, म्हणजे काय झाकायचं ते त्याच्या माणसांना कळतं. दुसऱ्या फेरीत चांगलं बोलायचं. बाहेर अक्षर काढणार नाही, असं डेल्फिनाने सहीनिशी लिहून दिलं होतं. तालमीला येणारे मालक बहुतेक पोरसवदा असायचे. त्यांनी काय सांगितलं ते ती घरी पोचेपर्यंत विसरून जायची.

त्या गुरुवारी टेबलाच्या पलीकडे ग्रेडन पेल येऊन बसला.

ग्रेडन पेलची कंपनी गराजच्या भिंतीवर टांगायच्या बॅटऱ्या विकायची. नऊ वर्षांपूर्वी एका ऑक्टोबरात विक्री सुरू झाली, आणि सेल फुगून पेटल्याने वर्षाच्या आत चार गराज जळाले. माणूस मेला नाही, हे नशीब. डेल्फिनाने तेव्हा त्याला एकच प्रश्न लिहून पाठवला होता: सेल फुगतात हे तुम्हाला कधी कळलं, विक्रीच्या आधी की नंतर? साप्ताहिक बंद पडेपर्यंत तिने तो एक्केचाळीस वेळा पाठवला. दर वेळी उत्तर आलं, साहेबांना सध्या वेळ नाही.

आता साहेबांना वेळ नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. एका वर्षात या गृहस्थाने साठेक मुलाखती दिल्या. एका माजी कुस्तीगिराला दिली, त्याने विचारलं सकाळी किती वाजता उठता. एकाने त्याला बर्फाच्या टबात बसवून बोलतं केलं. एक तर त्याच्याच मित्राकडे झाली, दोघं तीन तास एकमेकांना शाबासकी देत होते. बोलायला तो कधीच कचरला नाही. ज्यांना सेल आतून माहीत आहे अशी दहा-बारा माणसं या देशात असतील, तेवढ्यांनाच त्याने वर्षानुवर्षं वाटाण्याच्या अक्षता लावल्या. मला विचाराल तर यालाच घाबरणं म्हणतात, पण आमच्याकडे त्याला व्यग्र असणं म्हणतात.

टेबलावर तालमीचा कागद होता. वर लिहिलं होतं: मंगळवार, तीस मिनिटं, लॉर्ना पेट्राकिस.

डेल्फिनाने ते नाव दोनदा वाचलं. लॉर्नाने हे तिला सांगितलं नव्हतं. शनिवारी चकित करायचा बेत असणार.

"सुरू करू या?" कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणारी मार्लिस म्हणाली. तिच्या बाजूला वकील बसला होता. "डेल्फिनाबाई, तुमच्यासमोर प्रश्न आहेतच. अगदी सोलून काढा यांना."

कागदावरचे प्रश्न गुळमुळीत होते. डेल्फिनाने ते तसेच विचारले असते तर पेल साहेब निर्धास्त मनाने मंगळवारी लॉर्नासमोर जाऊन बसले असते, आणि पुढचं लॉर्नाने पाहून घेतलं असतं. एवढंच करायचं होतं. पण समोर तो माणूस बसला होता, नऊ वर्षांनी, दोन हातांवर. तिने कागद उलटा केला.

"सेल फुगतात हे तुम्हाला कधी कळलं? विक्रीच्या आधी की नंतर?"

पेलने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, "पहिली फेरी आहे. बोला."

"आधी," पेल म्हणाला. "फेब्रुवारीत."

"म्हणजे आठ महिने आधी."

"हो. आठशे सेल तपासले होते, त्यातले एकोणीस फुगले. मला वाटलं उत्पादन वाढलं की प्रमाण खाली येईल."

"आलं का?"

"नाही."

तो सरळ बोलत होता, थोडा सुटल्यासारखाही. डेल्फिनाला वाटलं होतं की हे उत्तर ऐकल्यावर तिला काहीतरी मोठं वाटेल. तिला फक्त तहान लागली. ती पाणी प्यायली आणि सवयीने तिने आणखी चार प्रश्न विचारले, आणि चारही वर्मी लागले.

दुसऱ्या फेरीत मार्लिसने एक वाक्य बसवून दिलं, "प्रत्येक कुटुंबाची सुरक्षितता हा आमच्यासाठी पहिल्या दिवसापासूनचा विषय आहे." पेलने ते पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. वकिलाने चष्मा काढला.

"मंगळवारची ती बाई असंच विचारणार असेल तर आपण जायचंच कशाला?"

"रद्दच करू," मार्लिस म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी कळवते. आधी कळवलं तर बोभाटा करेल."

डेल्फिना म्हणाली, "ती इतकं नाही विचारायची कदाचित." वाक्य तोंडातून निघालं तेव्हाच तिला कळलं की ते कुणाला पटणार नाही.

"तुम्ही फार छान काम केलंत हो," मार्लिस म्हणाली. "आम्हाला केवढ्या संकटातून वाचवलंत."

पेल तिला दारापर्यंत सोडायला आला. माणूस म्हणून वाईट नव्हता, हेच कठीण असतं. "असं कुणी मला आजवर विचारलंच नाही," तो म्हणाला. "होतात कुठे तुम्ही इतकी वर्षं?"

"इथेच होते. मेल पाठवत होते."

तो नम्रपणे हसला. त्याला तो विनोद वाटला असावा.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली. नऊ वर्षं बंद असलेलं दार लॉर्नाने धडका मारमारून तीस मिनिटांपुरतं उघडलं होतं, आणि ते आपण लावून घेतलं, तेही आतून. तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी लॉर्ना आधीच येऊन बसली होती. समोर वही, केस विंचरलेले, म्हणजे काहीतरी विशेष होतं.

"म्हातारे, बस. आणि खुर्ची घट्ट धर. मंगळवारी मला कोण भेटतंय सांग."

"कोण?"

"ग्रेडन पेल. अर्धा तास. समोरासमोर."

"अगं," डेल्फिना म्हणाली.

"एवढंच? नऊ वर्षं त्या माणसाच्या नावाने बोटं मोडलीस आणि नुसतं अगं? तुझाच प्रश्न पहिला विचारणार आहे मी. तुझं नाव घेऊन विचारणार आहे." लॉर्नाने पावाचा मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला. "पण मला धाकधूक वाटतेय गं. तो बोलण्यात फार तयार आहे. तू जरा ग्रेडन हो ना. मी विचारते, तू त्याच्यासारखी उत्तरं दे."

"मला नाही जमायचं."

"तुला नाही तर कुणाला? हो, लवकर." लॉर्ना ताठ बसली, घसा खाकरला. "मिस्टर पेल, सेल फुगतात हे तुम्हाला कधी कळलं? विक्रीच्या आधी की नंतर?"

बेकरीत गर्दी होती, कुणीतरी पावांचे ट्रे आपटत होतं. डेल्फिनाने हात मांडीवर घेतले. सही केलेला कागद तिला आठवला. त्याची तिला तितकीशी भीती वाटली नाही. वाटली ती त्यानंतरच्या प्रश्नाची. तुला कसं माहीत, असं लॉर्ना विचारणार, मग तालीम निघणार, मग मंगळवारची मुलाखत का बुडणार ते निघणार, आणि पुढच्या शनिवारी ही खुर्ची रिकामी असणार. तरीही ती बोलली.

"आधी. फेब्रुवारीत, आठ महिने आधी. आठशेतले एकोणीस फुगले होते. मला वाटलं प्रमाण खाली येईल, ते आलं नाही."

लॉर्नाच्या हातातलं पेन हललं नाही. ती खळखळून हसायला लागली.

"चल, काहीतरीच. आकड्यासकट? असं तो या जन्मात बोलायचा नाही. चेष्टा नको करूस, बये, मला खरंच सराव हवाय. नीट कर."

लॉर्नाने आणखी एकदा विचारलं असतं, साधं "खरंच?" एवढं जरी म्हटलं असतं, तरी डेल्फिनाने सगळं सांगून टाकलं असतं. लॉर्ना वहीचं पान सपाट करत होती.

"प्रत्येक कुटुंबाची सुरक्षितता," डेल्फिना म्हणाली, "हा आमच्यासाठी पहिल्या दिवसापासूनचा विषय आहे."

"हुबेहूब," लॉर्ना म्हणाली. "अगदी हेच म्हणेल बघ तो. कुठून आणतेस गं असलं?"

तिने ते वाक्य वहीत शब्दन् शब्द उतरवून घेतलं आणि खाली रेघ ओढली. मग म्हणाली, "मंगळवारी तिथून निघाले की सरळ तुझ्याकडे येते. काहीतरी करून ठेव खायला. असशील ना घरी?"

"असेन," डेल्फिना म्हणाली. "मी घरीच असते."